बारावी आर्ट्स झालेल्या मुलीला सायकियाट्रिस्ट व्हायचंय, वाट आहे का?

सातवी_गल्ली

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसतं वाचतोय, लिहायची वेळ आज आली. कोल्हापुरात राजारामपुरीत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. शिक्षणातलं फारसं कळत नाही, तेव्हा प्रश्न अडाणीपणाचा वाटला तर सांभाळून घ्या.

मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली, ८१ टक्के. मानसशास्त्र, भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र आणि दोन भाषा. बीएला ॲडमिशन घेऊन ठेवलंय. परवा जेवताना म्हणाली, "पप्पा, मला सायकियाट्रिस्ट व्हायचंय." मी म्हटलं, हो की, मानसशास्त्र आहेच तुला, मग अडलंय कुठं? तर म्हणाली त्याला आधी एमबीबीएस लागतं, आणि एमबीबीएसला सायन्स. आणि गप्प जेवत बसली.

दहावीला तिला ८८ होते. सायन्स घेऊ का म्हणून दोनदा विचारलं होतं तिनं. तेव्हा दुकानाचं कर्ज, आईचं आजारपण, धाकट्याची फी, सगळं एकदम अंगावर आलेलं. मीच म्हणालो, आर्ट्स घे, बीए करता करता स्पर्धा परीक्षा दे. म्हणजे चूक कुणाची ते मला ठाऊक आहे, तेवढं सोडून बाकीचं सांगा.

हे तिच्या डोक्यात कुठनं आलं तेही सांगतो. माझ्या आईला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी पार बसतं. बावीस वर्षं लिथियमची गोळी चालू. तिला दवाखान्यात न्यायचं काम गेली तीन वर्षं मुलीकडंच आहे. गेल्या मे महिन्यात आईचे हात थरथरायला लागले, चालताना झोक जायचा, जीभ जड. शेजारी म्हणाले झटका आला, पाव्हणे म्हणाले वय झालं आता. मी दुकानात. पोरगी एकटी रिक्षात घालून घेऊन गेली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, नवीन कुठली गोळी सुरू केली का? केली होती. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधनं आणून दहा-बारा दिवस खात होती. ती बंद केली, लिथियम थांबवलं, रक्त तपासलं, सलाईन लावलं. पाचव्या दिवशी आई स्वतः उठून चहा ठेवायला गेली. पोरीनं ते सगळं डोळ्यांनी बघितलंय.

तर सायन्स न घेता कुठून वाट निघते का?

तांबडा_पांढरा

भावा, सातव्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधून शोधून माणसाला सायकियाट्रिस्ट लागतोच. पोरीचा दवाखाना खालीच काढा, गिऱ्हाईक कमी पडणार नाही. जाणकार येतीलच, तोवर रंकाळ्यावरचं भाजलेलं कणीस घेऊन बसलोय.

नियम_व_अटी

थेट उत्तर: नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस, त्यानंतर तीन वर्षं एमडी किंवा डीएनबी. एमबीबीएससाठी 'नीट' ही देशभराची प्रवेश परीक्षा, आणि नीटला बारावीच्या पातळीवर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी (किंवा बायोटेक्नॉलॉजी) व इंग्रजी हवंच. खुल्या प्रवर्गाला पहिल्या तीन विषयांत मिळून ५० टक्के, राखीवला ४०. रशिया-फिलिपिन्सला गेलात तरी नीट सुटत नाही. आयुर्वेद आणि होमिओपॅथीतही मानसरोगाचं एमडी असतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ते धरलेलंही आहे, पण तिथंही प्रवेश नीटमधूनच.

मात्र दार पूर्ण बंद नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं जाहीर सूचना काढली: बारावी झाल्यावर हे विषय मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून दिले तरी नीटला बसता येईल. त्याआधी दोन वर्षं नियमित शिकल्याची अट होती, मुक्त विद्यालयाच्या मुलांना तर बाहेरच ठेवलं होतं. वरची वयोमर्यादाही आता नाही. म्हणजे तुमच्या मुलीला बारावी पुन्हा करायची गरज नाही, तीन विषय जोडायचे आहेत.

परखड

म्हणजे दोन वर्षं सायन्सची पोरं रात्रंदिवस घासणार आणि आर्ट्सवाले मागच्या दारानं डॉक्टर होणार. छान चाललंय.

नियम_व_अटी

@परखड, मागचं दार कुठलं? पेपर तोच, तीन तासांत १८० प्रश्न, ७२० मार्क. उलट ती दोन वर्षं मागून सुरुवात करतेय.

उमेदवार_पुन्हा

दोनदा नीट दिलेला बोलतोय, सायन्सचाच आहे. काका, गोड बोलत नाही. २०२५ ला बावीस लाखांवर फॉर्म आले होते. ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, ती पाठांतराची बाजू आहे, आर्ट्सची हुशार पोरगी खेचू शकते. केमिस्ट्री निम्मी वाचून, निम्मी गणितं सोडवून. खरा दगड फिजिक्स. अकरावीचं गणित नसेल तर सदिश, त्रिकोणमिती, थोडं कॅल्क्युलस आधी शिकावं लागेल, नाहीतर पहिल्याच धड्यात पाय अडकतो. माझा पहिल्या वेळी तिथंच अडकला, गणित असून. एका वर्षात होईल असं कुणी क्लासवाला म्हणाला तर चहा प्या आणि उठा.

मंगळवारपेठी

सातवी गल्ली, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका हे सांगायला लॉगिन केलं. तीस वर्षं शाळेत शिकवलं. दहावीच्या निकालानंतर जून महिन्यात घरोघर जे निर्णय होतात ते खिसा बघून होतात, आवड बघून नाही. आमच्याकडं तर अजून सायन्स म्हणजे हुशार आणि आर्ट्स म्हणजे "मग काय करणार" असंच आहे. मुलीनं तुम्हाला सांगितलं तरी. माझ्या मुलानं मला चार वर्षांनी सांगितलं, आणि तेही भांडताना.

डॉ_निद्रानाश

मी मानसोपचार विषयात एमडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एका सरकारी कॉलेजात. आजींचं वाचून राहवलं नाही.

तुमच्या मुलीनं जे पाहिलं त्याला लिथियमची विषबाधा म्हणतात. लिथियम हा एक क्षार आहे, मिठाचा चुलतभाऊ म्हणा. शरीर तो मोडत नाही, मूत्रपिंड तो तसाच बाहेर टाकतं. औषध म्हणून उपयोगी पडणारी रक्तातली पातळी आणि त्रासदायक पातळी यांत अंतर फार कमी असतं, म्हणून ठराविक काळानं रक्त तपासायला लावतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचं लिथियम बाहेर टाकणं मंदावतं. वर मे महिना, घाम, कमी पाणी. मूत्रपिंडाला वाटतं मीठ वाचवलं पाहिजे, आणि मिठाबरोबर ते लिथियमही धरून ठेवतं. पातळी चढली, हात थरथरले, तोल गेला.

हे ओळखायला मनाचं ज्ञान लागलं नाही, मूत्रपिंडाचं लागलं. लोक विचारतात, मनाच्या डॉक्टरला फिजिक्स-केमिस्ट्री कशाला? त्याचं उत्तर तुमच्याच घरात घडलंय. गेल्या आठवड्यात "उदास आहे, काम सुचत नाही" म्हणून आलेल्या बाईंचं थायरॉईड पार मंदावलेलं निघालं. एका आजोबांना भास होत होते, घरचे म्हणाले वेड लागलं. रक्तातलं सोडियम खाली गेलं होतं. अशांना तासभर समजूत घालून काय उपयोग?

तेव्हा तिला नेमकं हेच करायचं असेल तर सायन्सला वळसा नाही, आणि मला वाटतं नसावाच.

एमबीबीएस साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. मग नीट-पीजी, मग तीन वर्षं. आत्ता दोन वर्षं तयारीची धरली तर तिशी येते. पगार लवकर सुरू होतो, एमडी करताना विद्यावेतन असतं. झोप मात्र नसते, आयडी बघा.

कृष्णाकाठ

डॉक्टरसाहेबांच्या लिथियमवरच्या परिच्छेदाला शंभर टक्के. "तासभर समजूत घालून" याला मात्र हरकत. मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, सांगलीत. समजूत घालणं हे माझं काम नाही, ते शेजारी फुकट करतात.

माझ्याकडं एक जण येतात, दिवसाला चाळीस-पन्नास वेळा हात धुणारे. गोळी त्यांना डॉक्टरांनी दिलीच आहे, पण गोळी त्यांना दाराच्या कडीला हात लावायला शिकवत नाही. आम्ही यादी करतो, सगळ्यात कमी भीतीची गोष्ट खाली, जास्त भीतीची वर. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही, घड्याळ लावून बसायचं. पहिल्या दिवशी ते घामाघूम होतात. आठव्या-दहाव्या बैठकीत ते बसमध्ये दांडी धरून आले. याला शिस्तशीर प्रशिक्षण लागतं, आणि त्याला बारावी सायन्सची अट नाही.

वाट अशी: बीए मानसशास्त्र, एमए, मग दोन वर्षांचं एम.फिल. चिकित्सा मानसशास्त्र, भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेल्या ठिकाणी. मग परिषदेच्या नोंदवहीत नाव, आणि तो क्रमांक मिळाल्यावरच "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" म्हणून पाटी. मानसिक आरोग्याची संस्था म्हणून बंगळूरचं निम्हान्स सगळ्यांना माहीत आहे, पण बेळगाव ओलांडलं की धारवाडचं डिमहान्सही आहे, कोल्हापूरकरांना ते पुण्याइतकंच जवळ. जागा मोजक्या आणि परीक्षा कडक, तेव्हा हीही काही सोपी पळवाट नाही.

दोन सूचना. एक, नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालंय. चिकित्सा मानसशास्त्राला विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती, आणि परिषद नवे पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रम आणते आहे. तुमची मुलगी एमएला पोचेल तेव्हा नावं बदललेली असतील, म्हणून सल्ला माणसांकडून घ्या पण यादी परिषदेच्या संकेतस्थळावरच बघा. दोन, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ किंवा ऑनलाइन नवीन प्रवेश बंद आहेत. कुणी "घरबसल्या एमए सायकॉलॉजी" विकत असेल तर नमस्कार करा.

फसलो_एकदा

ताईंच्या शेवटच्या वाक्याला माझा अनुभव जोडतो. बायकोनं सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला, नाव लिहीत नाही. सर्टिफिकेटवर "सायकोथेरपिस्ट" सोनेरी अक्षरांत, फ्रेमसकट घरी आलं. फीमध्ये स्कूटर आली असती. मग कळलं त्याला कुठंच नोंदणी नाही. फ्रेम चांगली होती, त्यात आता साईबाबा आहेत.

तांबडा_पांढरा

साईबाबांनी तरी नोंदणी केलीय का बघा.

शब्दखूळ

अवांतर करतो, पण याच धाग्यात गोंधळ झालाय म्हणून. मराठीत सायकियाट्रिस्टला कुणी मानसोपचारतज्ज्ञ म्हणतं, कुणी मनोविकारतज्ज्ञ. आणि सायकोथेरपीलाही मानसोपचारच. त्यामुळं गावातल्या पाटीवर "मानसोपचारतज्ज्ञ" वाचून आत डॉक्टर आहे की कोर्सवाला, काही कळत नाही. माझं मत: औषध लिहिणारा तो मनोविकारतज्ज्ञ, निम्मी फसवणूक तिथंच थांबेल.

मंगळवारपेठी

मनोविकार शब्द पाटीवर वाचून आमच्या पेठेतलं कुणी पायरी चढणार नाही हो. "मानसोपचार" थोडा मऊ आहे. आमच्या लहानपणी तर कुणी जरा वेगळं वागलं की "ह्याला रत्नागिरीला सोडा". रत्नागिरीला मनोरुग्णालयाशिवाय समुद्रही आहे हे मला फार उशिरा कळलं.

शब्दखूळ

काकू, पायरी चढणं महत्त्वाचं हे मान्य. शब्द मागे घेत नाही, पण आवाज खाली करतो.

शिरोळकर

पायरीवरून आठवलं. आमच्या चुलतीला दोन वर्षं देवऋष्याकडं न्यायचे. अंगात येतं म्हणायचे. बाई रात्रभर जागी, बोलायची थांबायची नाही, घरातली भांडी वाटून टाकली, मग महिनाभर भिंतीकडं तोंड करून झोपून. कोंबडं, लिंबू, अमावस्या सगळं झालं. शेवटी गावातल्या आशाताईनं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात न्यायला लावलं. आता गोळीवर आहे, शेतात जाते. दोन वर्षांत गेलेली भांडी परत आली नाहीत तेवढंच.

सातवी गल्ली, तुमच्या पोरीनं डॉक्टर व्हावं, पण आशाताईसारखीही चार माणसं पाहिजेत. आणि ज्याला आत्ता कुणाशी बोलायचं असेल त्यानं १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

वाचनमात्र_होते

पहिलाच प्रतिसाद. मी बारावी आर्ट्स, बीए कोल्हापुरातूनच, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) तिथल्याच सायबर कॉलेजातून. नंतर मनोसामाजिक कार्यात दोन वर्षांचं एम.फिल. बाहेर जाऊन केलं. आज मनोविकार विभागात सोशल वर्कर आहे. सायन्सचा एकही पेपर आयुष्यात दिलेला नाही.

आमच्या ओपीडीत डॉक्टरांना एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात. आळशीपणा नाही, बाहेर रांग असते. त्या पाच मिनिटांत गोळी ठरते. मग ती माणसं माझ्याकडं येतात. गोळी कोण देणार? नवरा दारू पितो, तो देणार नाही. सासू म्हणते गोळीनं सवय लागते. एसटीचं भाडं नाही म्हणून गेल्या महिन्यात आल्याच नाहीत. अपंगत्वाचा दाखला काढायचाय. २०१७ च्या कायद्यानं पेशंटला कुठले हक्क आहेत ते घरच्यांना सांगायचं असतं, आणि ते त्यांना आवडत नाही. यातलं काहीच मूत्रपिंडात सापडत नाही, @डॉ_निद्रानाश :)

नर्सिंगचीही वाट आहे. बी.एस्सी. नर्सिंगला सायन्स लागतं, पण जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला आर्ट्सची मुलं जातात. पुढं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि मग मनोरुग्ण परिचर्येत एम.एस्सी. होते. वॉर्डात रात्री दोन वाजता पेशंट उठून बसला तर त्याच्याशेजारी सिस्टरच असते.

डॉ_निद्रानाश

@वाचनमात्र_होते, कान पकडले. आमच्या युनिटच्या सोशल वर्कर मॅडम रजेवर गेल्या की निम्मे पेशंट पुढच्या तारखेला येतच नाहीत, हे मी स्वतः मोजलंय. आणि @कृष्णाकाठ, "समजूत" शब्द चुकला.

परखड

सगळे गोड झाले. मग मुलीनं सोशल वर्करच व्हावं ना. स्वस्तात होतं. बारा वर्षं बापाला कशाला ताण?

कृष्णाकाठ

परखड, तुमच्या मुलाला सीए व्हायचं असतं तर "बँकेत क्लार्क हो, हिशोब तिथंही असतात" म्हणाला असतात का? तीन वेगळी कामं आहेत. एक न जमल्याचं बक्षीस म्हणून दुसरं नसतं.

परखड

माझा मुलगा क्लार्कच आहे. सुखी आहे. पण मुद्दा पोचला.

मुक्तप्रवासी

उशिरा आलो. अनिता अवचटांनी १९८६ ला पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. पण तिथं व्यसन सुटलेली माणसंच पुढं दुसऱ्यांना धरायला उभी राहिली, हे तिथं राहिलेल्या माणसाकडून म्हणजे माझ्याकडून ऐका. डॉक्टरनं मला दारूच्या थरथरीतून बाहेर काढलं, तिथं गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. नंतरची बारा वर्षं एका रिक्षावाल्यानं. दोघंही लागले. बास, एवढंच.

सातवी_गल्ली

सगळ्यांचे आभार. दोन दिवस दुकानात बसून एकेक वाचलं. काल रात्री मोबाईल मुलीच्या हातात दिला आणि बाहेर गेलो, समोर बसलो असतो तर मोकळं वाचलं नसतं.

परत आलो तेव्हा वहीत काहीतरी लिहीत होती. वाचनमात्र ताईंचा प्रतिसाद तिला फार आवडला, तो आईलाही वाचून दाखवला. आई म्हणाली, त्या बाईला म्हणावं एसटीचं भाडं वाढलंय खरं. पण पोरगी म्हणते मला तो पहिला प्रश्न विचारणारं माणूस व्हायचंय, "नवीन कुठली गोळी सुरू केली?" एवढं बोलली आणि मग मलाच विचारलं, लिथियमचं ते मीठ-पाण्याचं फिजिक्समध्ये येतं का केमिस्ट्रीत. मला काय कप्पाळ माहीत. डॉक्टर, सांगा.

बाकी मुक्त विद्यालयाचं कसं करायचं तेही कुणीतरी सांगा. बीएचं ॲडमिशन तूर्त ठेवलंय.

डॉ_निद्रानाश

लिथियम केमिस्ट्रीत, आवर्तसारणीच्या अगदी डाव्या रकान्यात, हायड्रोजनच्या खाली. त्याच्या लगेच खाली सोडियम. एकाच रकान्यातले म्हणून मूत्रपिंड त्यांना सारखं वागवतं. मूत्रपिंड बायोलॉजीत, उत्सर्जनाचा धडा. तिनं तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. फिजिक्सबद्दल उमेदवार म्हणतोय ते ऐका.

नियम_व_अटी

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. बारावी झालेल्यांना फक्त हवे ते विषय घेता येतात. फिजिक्स ३१२, केमिस्ट्री ३१३, बायोलॉजी ३१४. वर्षातून दोनदा परीक्षा. तिन्हीला प्रात्यक्षिक आहे, त्यामुळं केंद्र निवडताना तिथं प्रयोगशाळा खरंच चालू आहे का ते जाऊन बघा, फोनवर सगळेच हो म्हणतात. आणि केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. राज्याच्या कोट्यातून प्रवेशाला दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली बघतात. शेजारच्या राज्यात "सोपं पडतं" म्हणून गेलात तर नंतर रडाल. राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका दर वर्षी नवी येते, ती ओळ न् ओळ वाचा.

उमेदवार_पुन्हा

काका, माझी फिजिक्सची पुस्तकं आहेत. शाहूपुरीत राहतो, दुकानात आणून देतो. पानांच्या कडेला शिव्या लिहिल्यात, तेवढ्या वाचू नका म्हणावं.

सातवी_गल्ली

या, चहा पिऊन जा. गाडी मात्र सहाव्या गल्लीत लावा.

तांबडा_पांढरा

बघा, म्हटलं नव्हतं.

डॉ_निद्रानाश

आजींची पुढची लिथियमची तपासणी कधी आहे? रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. पुष्कळ जण गोळी खाऊनच लॅबमध्ये जातात, मग आकडा चुकतो.

सातवी_गल्ली

सोमवारी सकाळी नऊला. तुमचं वाचून मुलीला सांगायला गेलो, तर तिच्या वहीत ते आधीच लिहिलेलं होतं. मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं.